भजन यल्लव्वाच्या घरी

अक्कांना गाता येत नव्हतं आणि आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख त्याच होत्या. त्यांनी पहिली ओळ उचलली की मांडीवर झोपलेली पोरं दचकून उठायची. टाळही त्यांच्या मर्जीनं वाजायचा. पेटी माझ्याकडे, त्यामुळे हे सगळं अगदी माझ्या कानाशी चालायचं. एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, सूर सुटतोय." तर म्हणाल्या, "देवीला चालतंय गं. तुलाच काय एवढं?"

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले ती पन्नास-साठच्या मधली वर्षं. हे सरकारी कारखान्यात इंजिनियर, बिऱ्हाड चामराजपेटेत. अक्कांच्या घराण्याला तिथं चार पिढ्या झालेल्या. मराठी बोलता बोलता त्या कधी कानडीत शिरायच्या त्यांनाही कळत नसे. एकट्याच होत्या, अंबाभवानीच्या देवळामागं राहायच्या. दर शुक्रवारचं भजन एकेकीच्या घरी असायचं, पण अक्कांचं लक्ष भजनात असेल तर शपथ! आरती चालू असतानाच कानात कुजबुजायच्या, "मागची खोली बंद दिसते. कोण राहतं गं तिथं?" पेठेतली कुठली खोली रिकामी होणार हे त्यांना मालकाच्या आधी कळायचं.

त्याला कारण होतं. विजापूरकडून दुष्काळानं उठून आलेल्या लोकांच्या तळ्याकाठच्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि ती कुटुंबं आमच्या देवळाच्या मंडपात येऊन पडली. समोरच्या चर्चमधून त्यांना पेज यायची. ती आणणाऱ्या सिस्टर मंगळूरच्या, कोकणी बोलणाऱ्या, त्यामुळे आमचं मराठी त्यांना निम्मंशिम्मं कळायचं. देऊळ आणि चर्च दोघांनी मिळून ठरवलं की भाड्याला जामीन चर्चनं राहायचं आणि खोल्या अक्कांनी शोधायच्या. "मंडप म्हणजे काय घर आहे?" अक्का म्हणायच्या. "माणसाला आतून दार लावता आलं पाहिजे." हळूहळू सगळी कुटुंबं हलली. राहिली एकटी यल्लव्वा. नवरा लांब खाणीवर दगड फोडायचा, पदरात तीन लेकरं. दगडफोड्याला खोली द्यायची म्हटलं की मालकांची तोंडं वाकडी व्हायची.

शेवटी अक्कांनी एका मालकाला बोलून बोलून इतकं दमवलं की त्यानं वठारातली एक खोली दिली. वठार म्हणजे मधे चौक, भोवती एकेका खोलीची बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. त्या नळावर राज्य पुट्टम्मांचं. वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. यल्लव्वा गुरुवारी गाठोडं घेऊन आली तशी त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं, "आगल्ला, जमायचं नाही. ही बाई आमच्या नळाला शिवायची नाही." सगळं वठार त्यांच्यामागं उभं राहिलं. मालक घाबरला. म्हणाला, उद्या दिवेलागणीला येतो, तोवर पुट्टम्मा राजी झाल्या तर ठीक, नाहीतर किल्ली परत द्या. तिकडे देवळाच्या पंचांनी उत्सवासाठी मंडप धुवायला काढलेला. म्हणजे खोली गेली तर यल्लव्वा लेकरांसकट रस्त्यावर.

त्या शुक्रवारचं भजन माझ्याकडे होतं. सासूबाई मुद्दाम गावाहून आलेल्या, शिऱ्याचं पातेलं उतरवलेलं, सतरंजी अंथरलेली, आणि अक्का दारात उभ्या! "पेटी उचल. भजन आज यल्लव्वाकडे."

मी भडकले. "असं कसं अक्का? वार माझा आहे. आमच्या सासूबाई..."

"त्यांनाही घे. शिराही घे. सासूबाईंना आज रात्री झोपायला घर आहे ना? सरी, झालं तर, मग चल."

तणतणतच गेले. सासूबाई कुतूहलापोटी आल्या. मंडळातल्या निम्म्या बायकांना वाटेतच डोकेदुख्या आणि पाहुणे आठवले. उरल्या पाच-सहाजणी. वठारात पोचलो तर सिस्टर आधीच उंबऱ्याशी यल्लव्वाचं धाकटं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या. चौकात पुट्टम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या, बाकीचे आपापल्या दारांत. यल्लव्वानं गाठोडं सोडलंच नव्हतं. तिला खात्रीच नव्हती की सोडायला मिळेल.

अक्कांनी खोलीच्या दारात देवीची तसबीर ठेवली आणि चौकाकडे तोंड करून गायला सुरुवात केली. तो आवाज त्या बंदिस्त चौकात असा घुमला की वरच्या गच्चीतली माणसंही डोकावली. एरवी मला हसू आलं असतं, पण त्या दिवशी मी मालकाच्या वाटेकडे डोळे लावून पेटी वाजवत होते. उजेड उतरू लागला. मालक आला आणि फाटकाशीच उभा राहिला.

आमच्या मंडळाची रीत अशी की जिच्या घरी भजन, तिनंच आरतीचं तबक सगळ्यांपुढे न्यायचं. अक्कांनी निरांजन लावलं आणि तबक यल्लव्वाच्या हातात दिलं. "आधी पुट्टम्मांकडे जा." भरल्या वठारात पुट्टम्मांनी पाठ फिरवली असती तर मग मालकाला समजवायला काही उरतच नव्हतं! यल्लव्वा जागची हलेना. अक्का अगदी हळू म्हणाल्या, "जा बाई. नाही गेलीस तरी घर जातंयच."

ती निघाली. ज्योत वाऱ्यानं आडवी होत होती. मी पेटीचा एकच सूर धरून ठेवला होता, सोडायची छाती होत नव्हती. पुट्टम्मा ज्योतीकडे बघत राहिल्या, हात पदराखाली. धाकटं लेकरू सिस्टरच्या मांडीवरून आईला "अव्वा" म्हणून ओरडलं. यल्लव्वानं मागं वळून पाहिलं नाही.

मग पदराखालचे हात बाहेर आले. पुट्टम्मांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि कानडीत फटकारलं, "देवीची म्हणून घेतली. तुझी म्हणून नाही."

"सरी!" अक्का केवढ्यानं ओरडल्या! "घेतली की नाही? मालक, बघितलंत ना? सगळ्यांनी बघितलंत ना?"

मग एकेक दार पुढे आलं. शिरा पुट्टम्मांनी घेतला नाही, तो नाहीच. पण मालक किल्ली न मागता निघून गेला, आणि यल्लव्वा आत जाऊन गाठोडं सोडायला बसली. मला एकदम रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "पेटी मिटव आधी."

नळावरची भांडणं पुढे बरेच दिवस चालली. अक्का रोज पहाटे आपली घागर घेऊन यल्लव्वाच्या पुढे रांगेत उभ्या राहायच्या, स्वतःच्या घरी नळ असून! "इथलं पाणी गोड आहे," असं पुट्टम्मांना तोंडावर सांगायच्या.

काही वर्षांनी यांची पुण्याला बदली झाली. निघताना अक्कांच्या पाया पडले. त्यांनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "तिकडं घर बघशील तेव्हा कोण कोण राहतं ते मालक आपणहून सांगेल. कुणाला राहू देत नाही, तेवढं तू विचार." त्यानंतर अक्का मला दिसल्या नाहीत. त्या गेल्याचंही उशिरा कळलं. इतकं वाईट वाटलं की दोन शुक्रवार पेटीला हात लावला नाही.

पुण्यात आम्ही दोन मुलं घेऊन माहेरी किती दिवस राहणार? घराची फार निकड होती. एक छान जागा मिळाली. हवेशीर, यांच्या बसच्या वाटेवर. मालक सज्जन दिसले. म्हणाले, "निश्चिंत राहा वहिनी, आमच्याकडे सगळी चांगली माणसं आहेत."

मी विचारलं, "आणि कुणाला ठेवत नाही?"

त्यांना प्रश्न फार आवडला. खुशीत येऊन ते बोटांवर एकेक जात मोजू लागले. एक हात पुरेना, तेव्हा दुसरा पुढे केला. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या.