अकोल्याची हवा

प्रणालीचं यंत्र जगात कुठेच उभं नव्हतं. ते फक्त तिच्या संगणकात चालायचं, पण तिथे अगदी झोकात चालायचं. हिवरखेडच्या शेतकऱ्याची ही पोर अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती, आणि विजेची एक जोडी गणितात मांडत होती. जोडीतली एक सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. तिच्यात गॅस न जाळताच वीज होते, पण त्यासाठी ती आठ-नऊशे अंशांवर तापलेली लागते. तिच्यातून सुटलेला गॅस पुढे जळतो आणि त्या झोतावर दुसरी, म्हणजे गॅस टर्बाइन, फिरते. टर्बाइन बाहेरची हवा ओढून, दाबून सेलला पुरवते, आणि तीच हवा सेलला भलती तापू देत नाही. सासू-सुनेचा संसार म्हणा ना. एकीचा पारा चढला की दुसरीचंही बिनसतं.

प्रबंधाचं नाव भारदस्त होतं. त्यात ‘विदर्भातील वीजकेंद्रांसाठी’ असे शब्द होते. आकडे सुरेख आले होते. मार्गदर्शक चंद्रभान सर मेअखेर निवृत्त होणार होते आणि प्रणाली त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्याआधी प्रबंध गेला नाही तर मार्गदर्शक बदलणार, वर्ष वाया जाणार आणि सरांचं नाव पुसलं जाणार. म्हणून दोघांनाही घाई होती.

मेच्या सुरुवातीला ती घरी निघाली. अकोल्याच्या बसस्थानकावर दुपारी उतरली, तर तोंडाला बांधलेल्या ओढणीतूनही हवा भाजत होती. हिवरखेडची बस लागायची होती. उभ्या उभ्या तिच्या डोक्यात आलं, की आपलं यंत्र हीच हवा ओढणार. गणितात तिने हवा पंधरा अंशांची धरली होती. सगळी पुस्तकं तीच धरतात. जन्म वऱ्हाडात काढून तिला ते खटकलं नव्हतं, कारण विभागात एसी असलेली खोली एकच, संगणकांची. तिथे ती भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसायची.

घरी तिचे वडील महादेवराव अंगणात कूलरच्या ताट्यांत नवीन गवत भरत होते. सकाळी ती पुन्हा पिशवी घेऊन निघाली, तेव्हा ते म्हणाले, “काहून वं, कालच त आली.”

“बाबा, माह्यं एक चुकलं. ते पाहा लागते.”

“मंग जाय. चुकलेलं ठेवू नये.”

अमरावतीला येऊन तिने अकोल्याची हवा गणितात घातली. तापलेली हवा विरळ असते. टर्बाइनला ती कमी मिळाली, सेलला गारवा कमी पडला आणि सेल मर्यादेपलीकडे तापली. खरी असती तर तडकली असती. प्रणाली तिथेच रडली.

“एक ओळ टाक ना,” सर म्हणाले. “आकडे पंधरा अंशावर काढले म्हणून. सारं जग तेच करते. खोटं थोडीच हाये?”

“सर, मंग नावातलं विदर्भ काढा लागन.”

“ते काढलं त परत समितीपुढं जा लागते. मी राह्यतो कुठं तवरोक?” सरांनी कागद बाजूला सारले. ते रागावले होते, आणि तिला त्यांचा राग चुकीचा वाटला नाही. तरी तिने प्रबंध दिला नाही. महिनाअखेर सर श्रीफळ घेऊन घरी गेले.

पुढचं वर्ष नव्या मार्गदर्शक रागिणी मॅडमच्या हाताखाली गेलं. प्रणालीने गणितात टर्बाइनच्या तोंडाशी ओल्या ताट्या धरल्या, बाबांच्या कूलरसारख्या, आणि प्रत्येक महिन्याचा हिशोब वेगळा काढला. पावसाळ्यात दमट हवेला ताट्यांचा उपयोग होईना, पण तेव्हा ऊनही नव्हतं. वीज पहिल्यापेक्षा कमी आली. सेल मात्र मे महिन्यातही टिकली.

तोंडी परीक्षाही मेमध्येच लागली. बाहेरून आलेले परीक्षक रुमालाने मान पुसत होते. मागच्या रांगेत चंद्रभान सर येऊन बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बोलवायची प्रणालीची हिंमत झाली नव्हती.

सगळं पार पडल्यावर त्यांनी प्रबंध हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि मुखपृष्ठ वाचलं. मार्गदर्शक म्हणून रागिणी मॅडमचं नाव होतं.

“माह्यं नाव नाही याच्यावर, याचं मले वाईट वाटते,” ते म्हणाले. “पण ते पंधरा अंशाच्या प्रबंधावर असतं, त जास्त वाटलं असतं.”

प्रणाली त्यांच्या पाया पडली. मग दोघं चहा प्यायला बाहेर उन्हात गेली.