पंधरा पॉइंटांचा म्होरक्या

बातमीदाराकडे किस्से न मागता साठत जातात. लोकांना वाटतं, ते कोर्टातले, नाहीतर पालिकेतले असणार. छे! मला खरे धक्के बसले ते माणिकपूरला, मेल्विनच्या फोटोफ्रेमच्या दुकानामागे. तिथे दर रविवारी आम्ही चार घोडे टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडतो आणि फासे टाकून लढाया करतो.

सैन्य उभारायला प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात. त्यातले पंधरा जास्तीचे मोजले की पलटणीला एक म्होरक्या मिळतो. तो एक वार जास्त करतो, आणि शत्रूच्या सरदाराने द्वंद्वाला बोलावलं की राजाऐवजी पुढे होऊन मरतो. संपलं काम! माझं मत पहिल्यापासून एकच, ही शुद्ध उधळपट्टी आहे.

*

सामंत वसईच्या कोर्टात वकिली करतात. एकदा त्यांनी झाडून सगळ्या पलटणींना म्होरके दिले, अगदी मागे उभ्या तिरंदाजांनासुद्धा! तोफेला पॉइंटच उरले नाहीत. चहा यायच्या आत मी त्यांना झोपवलं. पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "हरलो असेन, पण माझी एकही पलटण पोरकी नव्हती."

*

मग मेल्विनची पाळी. ड्रॅगनवर बसलेला माझा सरदार त्याच्या भालेकऱ्यांवर तुटून पडला. मी द्वंद्व पुकारलं, मेल्विनने म्होरक्या पुढे केला. माझ्या एवढ्या महागड्या ड्रॅगनने सगळी ताकद त्या एका भालेवाल्यावर घालवली, आणि पुढच्याच डावात मेल्विनचे घोडेस्वार बाजूने घुसले.

"तुझा ड्रॅगन जेवत होता बॉस, म्हटलं डिस्टर्ब कशाला करा," मेल्विन म्हणाला.

*

शेवटी मी ठराव मांडला, म्होरके बंद करा. ग्रुपवर अग्रलेखाएवढा मेसेज टाकला. रविवारी पाहतो तर सामंतांनी सगळे म्होरके टेबलावर ओळीने उभे केलेले. "यांची बाजू ऐकल्याशिवाय निकाल कसा देता?"

तीन विरुद्ध एक. ठराव पडला!

*

आमच्यातला चौथा नरेश, आगाशीचा, केळीच्या वाडीवाला. वाडीच्या वाटणीवरून तो थोरल्या भावाशी बोलत नव्हता. त्याने मेल्विनकडून एका म्होरक्याला हुबेहूब भावाच्या मिशा रंगवून घेतल्या. दर रविवारी पहिल्याच द्वंद्वाला त्याला ढकलायचा, "चल दादा, हो पुढे."

मी म्हटलं, अरे, सख्खा भाऊ आहे तुझा.

"म्हणून तर पंधरा पॉइंट मोजतो," नरेश म्हणाला.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी नरेशशी खेळत होतो. डाव त्याच्या हातात होता, फक्त राजा जगायला हवा होता. मी ड्रॅगन पुढे सरकवून द्वंद्व पुकारलं, तेवढ्यात दारात त्या मिशा उभ्या! खरा दादा. मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला आला होता. घरी नरेश सापडला नाही, म्हणून शोधत इथवर आलेला.

मेल्विन पांढराफटक पडला. दादा टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

नरेशचा हात सवयीने मिशीवाल्या म्होरक्याकडे गेला. थांबला. मग त्याने राजा उचलला आणि माझ्या ड्रॅगनपुढे ठेवला.

मी तीनदा विचारलं, नक्की ना? त्याने मान डोलावली. मी फासे टाकले. राजा मेला, डाव गेला. पंधरा पॉइंटांच्या म्होरक्यासाठी राजा! सामंत तर नियमांचं पुस्तक उघडून बसले.

दादाने वाकून तो उरलेला म्होरक्या दोन बोटांत धरला, उजेडात नेऊन निरखला.

"नरू, मिशी जरा जाड झाली."

"बस ना, दादा," नरेश म्हणाला आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.