कॅमोमाइलची भाजी

काल मुलीने ऑफिसमधून येताना कॅमोमाइलच्या टी-बॅग्ज आणल्या. गरम पाणी ओतताच सफरचंदासारखा वास आला आणि मी पुन्हा इथल्या, अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आई रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आली होती. बंद फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. थंडीतला पाऊस पडून गेला होता, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत तिला तिथे फिरायला नेलं. खडकांमध्ये हिरवं दिसलं आणि ती गाडी नीट थांबायच्या आत उतरली. "अरे, भाजी उगवलीय!" म्हणत कोवळे शेंडे खुडून तिने ओढणीत भरले. त्यांवर पिवळ्या गुंड्यांसारखी फुलं होती, बोटांना तोच वास लागत होता. शेळ्या राखणाऱ्या एका अरब बाईने फक्त फुलं चिमटीत धरून चहा पिण्याची खूण केली. आईने हसून मान डोलावली आणि घरी येऊन कांदा-खोबरं घालून पाल्याची भाजीच केली.

कडूजहर! माझी बायको शबाना पाणी आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. मी मात्र म्हणालो, "आई, अजून वाढ." तेव्हा ते ताट कधी संपतंय असं झालं होतं. मग आईने स्वतः घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "लबाड कुठला!"

त्यानंतर ती इथे आली नाही. आता तर ती गावच्या घरीही उरली नाही.

मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवला.

"टू बिटर, पप्पा?" मुलीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "जरासुद्धा कडू नाही."