हत्तीला वाट

आमची कंपनी तेव्हा आसामात, जंगलाच्या कडेला होती. मी नाईक बापूराव, लोह्याकडचा. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक मल्लिकार्जुन होता. त्याचं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, बाजारात मराठी, पलटणीत हिंदी, आणि तिन्ही भाषांत तो सारखाच बडबडायचा. सगळे त्याला मल्लू म्हणत.

सकाळी पीटी, मग पेट्रोलिंग, दुपारी वेपन क्लीनिंग, संध्याकाळी हजेरी. नाव पुकारलं की बाकीचे 'हाजिर' म्हणत, मल्लू सरळ उभा राहून गावच्या बोलीत 'हाय' म्हणायचा. शनिवारी सँड मॉडेलचा क्लास. वाळूत डोंगर-नद्या करून लढाई समजावतात, त्याला सँड मॉडेल म्हणायचं. आमचे कॅप्टन साहेब साताऱ्याकडचे, त्यांना जुन्या लढायांचा नाद. एका शनिवारी त्यांनी झेलमची लढाई मांडली. निळ्या रिबिनीची नदी. एका बाजूला सिकंदर, दुसऱ्या बाजूला पोरसराजा आणि त्याचे हत्ती. हत्तींच्या जागी बटाटे होते. लंगरच्या हवालदारानं ते परत करायच्या बोलीवर दिले होते.

पोरसाची फौज मल्लूकडं आली, सिकंदराची माझ्याकडं. मल्लूनं हत्ती थेट पुढं रेटले. घोडी हत्तीसमोर टिकत नाहीत, एवढं मला साहेबांनीच सांगितलं होतं. म्हणून मी घोडदळ बाजूनं फिरवलं आणि भालाईत समोर धाडले.

साहेब म्हणाले, "आता चारी बाजूंनी कोंडी झाली. हत्ती जखमी, माहूत पडले. मल्लिकार्जुन, तुझे हत्ती कुठं जाणार?"

मल्लूनं वाळूकडं पाहिलं. "सर, जायला जागाच न्हाई. माझ्याच पायदळावर जातील."

"तसंच झालं."

मग त्यांनी आफ्रिकेतली एक लढाई सांगितली. तिथं कार्थेजचे हत्ती रोमन फौजेवर सुटले होते. रोमन सेनापतीनं आपल्या तुकड्यांमध्ये आधीच सरळ गल्ल्या ठेवल्या होत्या. बरेच हत्ती त्या गल्ल्यांतून धावत मागं निघून गेले आणि फौज जागेवर उभी राहिली. साहेब म्हणाले, "घाबरलेलं जनावर मोकळी जागा शोधतं. ती तुम्ही ठेवा."

संध्याकाळच्या भाजीत पोरसाचं अर्धं सैन्य होतं.

पुढं आम्हा दोघांना एकदमच लीव्ह मिळाली. मल्लू म्हणाला, "बापू, आधी आमच्या जत्रेला चल, मग लोह्याला जा." मी गेलो. त्याच्या गावात मठाची जत्रा होती. मिरवणुकीसाठी कर्नाटकातून हत्तीण आणली होती. अंगावर झूल, कपाळावर रंग, वर माहूत. मागं स्वामींची पालखी. गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला महाप्रसादाच्या पंगती बसल्या होत्या, त्यापुढं तळं. मल्लूची आई नागम्मा तिथं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होती.

हत्तीण गल्लीच्या मध्यावर आली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती तिच्या पायांतच फुटली. हत्तीण जागच्या जागी गर्रकन फिरली. माहूत एका घराच्या पत्र्यावर फेकला गेला. मागं पालखी, पुढं स्पीकर लावलेला ट्रॅक्टर, त्याच्याही पुढं पंगती. चार-पाच जण काठ्या आणि पेटते टेंभे घेऊन तिच्या तोंडासमोर धावले.

मल्लू त्यांच्या आडवा उभा राहिला.

"टेंभे खाली. समोर कुनी थांबायचं न्हाई."

"अरं, पंगतीवर जाईल ती," एक जण म्हणाला.

"कोंडली तर जाईलच. तिला वाट द्या." मग तो माझ्याकडं वळला. "बापू, पंगती उठव. तळ्याकडची बाजू मोकळी कर."

मी पळालो. परेडच्या आवाजात ओरडलो, "उठा. दोन फायली. भिंतीला पाठ." लोक पत्रावळी टाकून ओट्यांवर चढले. नागम्मानं म्हाताऱ्या बायांना हाताला धरून घरात ओढलं. मल्लूनं बँड बंद करवला आणि ट्रॅक्टर एका वाड्याच्या दारात घालायला लावला. "दारी बिडी, दारी बिडी," तो कानडीत ओरडत होता. वाट सोडा.

गल्ली मधोमध मोकळी झाली. हत्तीण क्षणभर थांबली, कान हलवले आणि सरळ निघाली. माझ्या छातीपासून हातभर अंतरावरून गेली. हुग्गीचं एक पातेलं चेपलं, एक ढोल फुटला. पुढं तळ्यात शिरून ती पोटापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि सोंडेनं पाणी अंगावर उडवायला लागली. माहूत लंगडत आला, काठावर बसून तिच्याशी बोलत राहिला. थोड्या वेळानं ती त्याच्याकडं आली.

स्वामींनी मल्लूला विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"बटाट्यांवर, महाराज."

युनिटमध्ये परतल्यावर साहेबांनी त्याला क्लासपुढं उभं केलं. "कॅज्युअल्टी?"

"सर, एक पातेलं, एक ढोल. आणि वाटेतला सरपंचाचा ऊस."

साहेब हसू दाबत म्हणाले, "शाबास. बैठ जाओ."

पुढचं पोस्टिंग काश्मीर. मल्लू तिथं नाईक झाला. एका सकाळी आम्ही रोड ओपनिंग पार्टीत होतो. कॉन्व्हॉय यायच्या आधी रस्ता तपासायचा, हे काम. मल्लू सगळ्यात पुढं होता. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"कॉन्व्हॉय रोको. पुलिया के नीचे आयईडी. सब पीछे."

"रॉजर. तू भी पीछे आ," मी म्हणालो.

तेवढ्यात स्फोट झाला. मागचे आम्ही सगळे वाचलो.

मी आता रिटायर्ड आहे, लोह्याला हळद आणि सोयाबीन करतो. जत्रेला दरवर्षी जातो. हल्ली तिथं चाकांवरचा लाकडी हत्ती ओढतात. मठापुढं पालखी थांबली की गावातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. एकेका नावाला लोक हात जोडतात. "नाईक मल्लिकार्जुन" म्हटलं की नागम्मा हात जोडत नाही. ती सरळ उभी राहते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते,

"हाय."