आमचा मात्र प्युअर

पुण्यात एक काळ असा होता की पांढरं, झुपकेदार आणि पोस्टमनवर विनाकारण चिडणारं कुत्रं दिसलं की त्याला पॉमेरियन म्हणायचं. आमच्या खडकीच्या घरात तर शंकेला जागाच नव्हती, कारण सासूबाईच त्यांची पैदास करत. मी लग्न होऊन आले तोवर निम्म्या शहरात त्यांची पिल्लं नांदत होती. नांदत हाच शब्द बरोबर, कारण पिल्लू द्यायच्या आधी त्या घर बघायला जात. दुपारी घरी कोण असतं, गच्चीला कठडा आहे का, मुलं शेपटी ओढतात का. माझ्या लग्नात एवढी चौकशी कुणी केली नव्हती. सगळं पसंत पडलं की म्हणायच्या, "अस्सल पॉमेरियन आहे. माझा शब्द." त्या शब्दावर लोक पिल्लू उराशी धरून रिक्षात बसत.

मग बाजार खुला झाला. परदेशी चॉकलेटं आली, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या आणि त्यातल्या एकीत मी कंपनीच्या बसने सॉफ्टवेअर तपासायला जाऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेतून परतलेले एक गृहस्थ दोन खरे पॉमेरियन घेऊन आले. नारिंगी, ओंजळीत मावणारे, पावडरच्या पफसारखे. सासूबाई कुत्री पाळणाऱ्यांच्या ज्या क्लबात वर्षानुवर्षं सतरंज्या घालण्यापासून सगळं करत होत्या, तिथे हे गृहस्थ बघता बघता सेक्रेटरी झाले. परदेशातून परत येणं ही आपल्याकडे स्वतंत्र पदवी आहे.

पहिल्याच सभेत त्यांनी ब्रीडची प्रमाणं वाचून दाखवली. वजन अमुक, उंची तमुक, तोंड आखूड. मग अतिशय सौजन्याने म्हणाले, "काकू, आपली कुत्री पॉमेरियन नाहीत. स्पिट्झ आहेत. म्हणजे, लांबचे नातेवाईक म्हणता येतील."

"बरं झालं सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या. "लांबच्या नातेवाइकांना आम्ही इतकी वर्षं गादीवर झोपवत होतो."

हशा पिकला, पण यापुढे आमची कुत्री पॉमेरियन धरायची नाहीत हा ठराव व्हायचा तो झालाच. सगळ्यांत जोरात हात वर केले जर्मन शेफर्डवाल्यांनी. कुत्र्याची पाठ उतरती हवी की सपाट यावरून त्यांचं आपापसात बोलणं बंद होतं. एक गट चहा प्यायला उठला की दुसरा बसून राहायचा. पण दुसऱ्याच्या कुत्र्यात खोट काढायची म्हटल्यावर त्यांच्यात विलक्षण एकी झाली.

घरी आल्यावर सासूबाईंनी आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं केलं, टेपने मोजलं, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "माणूस आगाऊ आहे, पण बोलतोय खरं." मला त्यांचं फार वाईट वाटलं. क्लबाशी भांडायला त्या तयारच होत्या. पण आता प्रश्न त्यांनी घरोघर दिलेल्या शब्दाचा होता, आणि सासूबाईंना त्यापुढे काही सुचत नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्या फोन करायला बसल्या. एकेका घराला स्पष्ट सांगायचं, "मी तुम्हाला पॉमेरियन म्हणून दिलं, ते पॉमेरियन नाही. माझी समजूत चुकीची होती." लोक चिडतील याची मी धास्ती घेतली होती. कुणीही चिडलं नाही. सगळे समजूतदारपणे ऐकून घेत आणि म्हणत, "अहो काकू, बाकीच्यांचं असेल तसं. आमचा मात्र प्युअर आहे. बघितल्यावर कळतंच." एकाच वेतातली पिल्लं नेलेल्या दोन घरांनी एकमेकांच्या कुत्र्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

सासूबाईंनी मग दुसरा रस्ता धरला. क्लबात जाऊन त्यांनी मागणी केली की आमची कुत्री जी आहेत त्याच नावाने त्यांना शोमध्ये स्वतंत्र वर्ग द्या. "शहरात सगळ्यांत जास्त संख्या यांची, आणि रिंगणात यांना उभं राहायला जागा नाही, हा कुठला न्याय?" यावर तीन सभा झाल्या. चौथीला सेक्रेटरींनी उदार मनाने मान्यता दिली, पण अट घातली: या वर्षी रिंगण भरलं तर वर्ग कायम, नाहीतर कायमचा बंद. सासूबाईंनी पुन्हा सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, "येणार म्हणजे काय, येणारच."

आणि आले. कॅम्पातलं ते मैदान पांढऱ्या कुत्र्यांनी नुसतं फुललं होतं. मला भरून आलं. ते फार टिकलं नाही, कारण सकाळी पॉमेरियनचा वर्ग पुकारला आणि ही सगळी पांढरी फौज त्यात शिरली. बाहेरगावचे परीक्षक बिचारे एकेकाला हात लावून "सॉरी" म्हणत बाहेर काढत होते. सेक्रेटरींचे दोन पफ तेवढे आत उरले.

दुपारी स्पिट्झचा वर्ग पुकारला. सासूबाई आमच्या कुत्रीला घेऊन आत गेल्या. कुंपणाच्या दोरीपलीकडे तिची मुलं, नातवंडं, पतवंडं मालकांच्या पायाशी बसलेली. पुन्हा पुकारलं. कुणी हललं नाही. एका गृहस्थांना मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "आम्ही वाट बघू. पुढच्या वर्षी वजन थोडं कमी करून आणू." पॉमेरियन म्हणून हाकलून दिलेलं चालत होतं, स्पिट्झ म्हणून पहिलं आलेलं नको होतं.

परीक्षक अवघडून म्हणाले, "मॅडम, एकटीच आहे. तुलना कुणाशी करू?"

"तुलनेचे सगळे दोरीपलीकडे बसलेत," सासूबाई म्हणाल्या. "बघून घ्या."

परीक्षकांनी खरोखर तिकडे बघितलं आणि लोकांनी आपापल्या कुत्र्यांकडे बघितलं. पहिला नंबर आमचा आला. वर्ग बंद झाला.

बाहेर पडताना एक गुबगुबीत पांढरा कुत्रा दोरीखालून निसटून आमच्या कुत्रीकडे धावला. तिचाच मुलगा. डोळ्यांवर येणाऱ्या केसांवरून सासूबाईंनी त्याला लगेच ओळखलं. त्याला डोळे उघडायच्या आधी त्यांनी बोळ्याने दूध पाजलं होतं. तो आईचे कान चाटू लागला, तिचं म्हातारं शेपूट जोरात हलायला लागलं. मागून त्याची मालकीण आली, आमच्याकडे बघून ओशाळं हसली आणि साखळी ओढत लाडाने त्याला म्हणाली, "चला राजा, इकडे. ती आपल्यातली नाही."

सासूबाईंनी त्या घरचा कठडा स्वतः हलवून बघितला होता. रिक्षात बसल्यावर कुत्रीला त्यांनी मांडीवर घेतलं, पहिल्या नंबरचा कप माझ्या हातात दिला, आणि खडकी येईपर्यंत तिच्या कानावरची त्याची लाळ पदराने पुसत राहिल्या.