एस्तेरमावशीच्या दाराची कडी

एस्तेरमावशी गेली त्याच्या थोडे दिवस आधी नवे पाळक तिच्यासाठी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन आले होते. भाषावार प्रांतरचनेत आमचा जिल्हा आंध्रात गेला, तसे आमचे मराठी पाळक बदलून किनवटकडे गेले. नव्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मावशीच्या खाटेशी मी दुभाषी. जिल्हा मराठी मुलखात राहावा म्हणून गावोगाव पत्रकं वाटलेला मी, तिथे पाळकांचं तेलुगू मराठीत सांगत होतो. प्रश्न एकच होता : पवित्र शास्त्रावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, त्याचा पश्चात्ताप होतो का? मावशी म्हणाली, "त्याचा नाई होत. दुसऱ्याचा होते. त्याची क्षमा द्या म्हनाव." मी सांगितलं. पाळकांनी प्याला पुन्हा फडक्यात गुंडाळला...

आमच्या मंडळीत ज्याच्यावर दोष येतो त्याला प्रभुभोजन बंद होतं. त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायची. पंचांना पटली की प्याला पुन्हा मिळतो. मावशी आठ वर्षं शेवटच्या ओळीत बसली. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात मुसलमानांना शोधत लाठ्या घेऊन माणसं हिंडत होती. शेजारची खातूनबी आणि तिच्या दोन पोरी मावशीच्या घरात, जवारीच्या पोत्यांमागे लपल्या होत्या. माणसं दारात आली, तेव्हा मावशीनं शास्त्रावर हात ठेवला आणि सांगितलं, घरात कुणी नाही. माणसं परत फिरली. तिघी वाचल्या. आणि त्या दिवशी आपापली दारं लावून प्रार्थना करत बसलेल्या पंचांना यात दिसलं काय, तर देवाच्या वचनाचा अपमान!

"यांच्याविरुद्ध पत्रकच काढतो," मी चिडून म्हणायचो. मावशी हसायची. "काढ नं. पन माह्या दुसऱ्या पापाचं काऊन नाई लिहित? थे बी छाप." एका दुपारी तिनं ते सांगितलं. माणसं गेल्यावर दार पुन्हा वाजलं होतं. बाहेर बांगडीवाल्याची बायको होती. "बाई, खोलो," म्हणून रडत होती. "आवाज ओळखला म्या. पन आतल्या तिघींच्या भेवानं कडी नाई काढली. मंग आवाज थांबला..." ती बाई पुन्हा कुणाला दिसली नाही.

हे मावशीनं पंचांपुढे सांगून क्षमा मागितली होती. पंच म्हणाले, आपलं दार न उघडणं हा काही दोष होत नाही. जे केल्याची तिला लाज नव्हती त्याची क्षमा तयार होती. ज्यासाठी ती जळत होती त्याला यांच्याकडे नावसुद्धा नव्हतं! "देवाले रोज मांगून राह्यली, बाबू," ती म्हणायची. "थो देईन बी. पन तिच्या तोंडून आली असती तं..."

तिला पुरताना त्याच पाळकांनी देवाच्या अपार दयेवर प्रवचन केलं. या वेळी कुणी मला दुभाषी म्हणून उभं केलं नाही.

बांगडीवाल्याच्या बायकोनं दार वाजवलं त्या दिवसानंतर मावशीनं दाराची कडीच उपटून टाकली होती. दार नुसतं लोटलेलं असायचं. शेजारच्या कोंबड्या शिरायच्या, कुत्री शिरायची. दार वाजलं की ती आतून फक्त "ये" म्हणायची. घर मंडळीच्या जागेवरचं. आता तिथे एका पंचाचं कुटुंब राहायला आलं आहे. गेल्या आठवड्यात मी गेलो, तर नवी कडी आतून लावलेली होती. मी दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

आठ वर्षं त्या घरातून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.