जिथल्या तिथं न येणारा फंड

ऑफिसात तिला नकारघंटा म्हणत, तेही तोंडावर. सामान्य माणसाला विकायच्या प्रत्येक फंडावर ‘साधा’ की ‘गुंतागुंतीचा’ असा शिक्का मारणं हे तिचं काम. साधा असला की कुणीही मोबाइलवर बोट टेकवून घ्यावा. गुंतागुंतीचा असला की आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची, मगच पैसे. त्यामुळे विक्री खात्यातली माणसं तिला पाण्यात पाहत.

विक्रीसाहेब तर तिचे सख्खे धाकटे दीर. बाजार दिवसात जेवढा हलेल त्याच्या दुप्पट हलणारा नवा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात घेता-विकता येणारा फंड, त्यांनी तिच्या टेबलावर आदळला.

“शेअरसारखा घ्यायचा, शेअरसारखा विकायचा. यात गुंतागुंत कसली? उगाच काड्या घालू नका, वहिनी.”

“घ्यायला सोपाच आहे, भाऊजी. पण बाजार आज दहा टक्के पडला आणि उद्या होता तिथं परत आला, तर घातलेल्या शंभराचे किती?”

“शंभर. जिथल्या तिथं.”

“आज ऐंशी. उद्या बाजार साधारण अकरा टक्के चढेल तर हा बावीस, पण ऐंशीवर; म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या आतच. असंच वरखाली होत राहिलं की बाजार जागेवर आणि माणूस खड्ड्यात.”

पण साहेबांचं लक्ष मोबाइलमध्ये. घाई कशाची, ते ती ओळखून होती. सासूबाईंनी पोटाला चिमटा काढून साठवलेली पुंजी बँकेत होती, आणि या महाशयांना पहिलं गिऱ्हाईक म्हणून आईच हवी होती. तिने ‘गुंतागुंतीचा’ शिक्का मारला आणि हाच प्रश्न परीक्षेत घातला.

सासूबाई तिच्याकडेच राहत; रविवारी भाऊजी घरी आले. पासबुक काढायला लावून आईला मोबाइलसमोर बसवलं. “वहिनींची थेरं आहेत, आई. दोन मिनिटांचं काम.”

प्रश्न आला. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. “काय दाबू?”

“जिथल्या तिथं.”

त्यांनी दाबलं. नापास. सहा महिने हा फंड घेता येणार नाही, असं पडद्यावर आलं.

सासूबाई सुनेकडे वळल्या. “तुला उत्तर माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस.”

“माझं ऐकलं असतंत, आई?”

त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. पासबुक मात्र मुलासमोरून उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी भाऊजी किल्ली मागायला आले.

“आधी तू पास होऊन ये,” सासूबाई म्हणाल्या.